आधीच राहायला आलेली

१

गंधालीला सहावा महिना लागला तेव्हा त्या हिंदी मुलखातल्या शहरात, तात्यापारा या वस्तीतल्या भाड्याच्या घराचा जिना तिला नकोसा झाला. उंच पायऱ्या, कठडा एकाच बाजूला, आणि मधल्या वळणावर खालच्या साडीवाल्याने रचून ठेवलेले खोके. ती उतरू लागली की सासूबाई, विजयाबाई, वरून ओरडायच्या, "सावकाश वं! घाई कायले करून राहिली?" खाली शिशिर स्कूटर सुरू करून उभा असायचा. तो तिला समता कॉलोनीतल्या पॅथॉलॉजी लॅबपाशी सोडायचा आणि पुढे सिंचन खात्याच्या ऑफिसात जायचा. तिथे तो कालव्यांचे नकाशे काढायचा. ती दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या रक्तातल्या पेशी बघायची.

रविवारी ते घरं बघायचे. एका घरात ऊन यायचं नाही, दुसऱ्यात पाणी चढायचं नाही, तिसऱ्यात लिफ्टची नुसती जागा सोडलेली. दिवाळी झाली तरी काही जमेना. मग लॅबमागच्याच गल्लीतला तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट विकाऊ असल्याचं कळलं. मालक भैय्यालाल नावाचे वयस्कर गृहस्थ. मुलासाठी घेतला होता, मुलगा बाहेरगावीच स्थायिक झाला, तेव्हापासून कुलूप. "चार साल से कोई रहा ही नहीं भैया," ते लिफ्टमध्ये म्हणाले.

दार उघडलं आणि बंद घराचा तो कोंदट वास आला. फरशीवर धुळीचा सारखा थर. शिशिर खोल्या बघत आत गेला. गंधाली मागच्या गॅलरीत आली. तिथे कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती, रिकामी. दोरीच्या बरोबर खाली, धुळीत, पाण्याच्या थेंबांची एक रांग उमटली होती.

तिने वर पाहिलं. वर स्लॅब होता, कोरडा. ती अवघडून वाकली आणि बोट टेकवलं. थेंब ओले होते, आणि अगदी जवळजवळ पडलेले. साडीचं किंवा चादरीचं पाणी असं निथळत नाही. तळहाताएवढे कपडे एकाशेजारी एक लावले तर असं निथळेल.

कबुतरं, ती मनाशी म्हणाली. मग स्वतःलाच हसू आलं. कबुतरं कुठे कपडे वाळत घालतात!

आत शिशिर छोट्या खोलीत भिंतीवर हात ठेवून उभा होता. "हेच घेऊ," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

२

या बाळासाठी त्यांनी चार वर्षं वाट पाहिली होती. इंजेक्शनं, सोनोग्राफी, तारखा, पुन्हा इंजेक्शनं. एकदा राहिलं होतं ते दहाव्या आठवड्यात गेलं. त्यानंतर गंधालीला रडू कुठेही येऊ लागलं. भाजी चिरताना यायचं, लॅबच्या स्टूलवर यायचं, कोणाच्या बारशाचं आमंत्रण आलं की यायचं. सुरुवातीला शिशिर जवळ बसायचा. मग दारात उभा राहायचा. मग तो ऑफिसातून उशिरा येऊ लागला. त्याने कधी शब्दाने दुखावलं नाही. तो नुसता थकला, आणि थकलेल्या माणसाला काय बोलायचं?

आता बाळ होतं, पोटात लाथा मारत होतं, तरी तिचं रडणं थांबलं नव्हतं. आता ते भीतीचं होतं. हेही गेलं तर?

म्हणून घराच्या गोष्टीत शिशिर असा उमलून आला तेव्हा तिला बरं वाटलं. व्यवहार ठरला त्या दिवशी दोघं पुन्हा फ्लॅट बघायला गेले. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि समोरचं दार उघडून एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, हातात कोथिंबिरीची जुडी. गंधालीला पाहताच त्यांनी आवाज खाली आणला.

"झोपलं का वं बाळ?"

गंधालीने मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"मला विचारलंत, काकू?"

बाईंचं लक्ष तिच्या पोटाकडे गेलं. त्या पोटाकडे बघतच राहिल्या. "अगं माय," त्या म्हणाल्या, "मले वाटलं... जाऊ दे. डोळ्यांचा नंबर वाढला माझा."

त्या विनोदिनीकाकू. मूळच्या वर्ध्याच्या, यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले. शेजारी मराठी माणूस आहे म्हणून गंधाली खूश झाली. बाकीचं तिने सोडून दिलं. तिच्याकडे एखाद्या रिपोर्टमध्ये भलतंच काही आलं तर ती नमुना पुन्हा तपासायची, आणि बहुतेक वेळा चूक साधी निघायची.

खाली येताना तिने हे शिशिरला गमतीने सांगितलं. तो हसला नाही. "काय विचारलं त्यांनी? नीट सांग," तो म्हणाला, आणि तिच्याकडून ते वाक्य दोनदा वदवून घेतलं.

३

रजिस्ट्री झाली, किल्ल्या हातात आल्या. शिशिर आता रोज सकाळी सातलाच बाहेर पडू लागला. रंगवाला येणार, सुतार येणार, नळवाला येणार. गंधालीला लॅबपर्यंत ई-रिक्षाने जावं लागे. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा गुणगुणत असायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो असा गुणगुणायचा. आणि त्याच्या अंगाला कोमट तेलाचा वास यायचा.

"कशाचा वास आहे हा?"

"पॉलिशचा असेल."

गंधालीला वास ओळखता येत होते. दहा वर्षं लॅबमध्ये काढलेल्या बाईला पॉलिश आणि तीळतेल यातला फरक कळतो.

एके संध्याकाळी तो सुताराशी फोनवर बोलत होता. पाळण्यावरच्या फळीची उंची सांगत होता. "उससे नीचे मत लगाना. खडी होती है तो सिर लगता है उसका."

त्याने फोन ठेवल्यावर गंधालीने विचारलं, "कोणाचं डोकं लागतं?"

"बाळाचं. पुढे लागेल ना."

"तू 'लगता है' म्हणालास. आणि 'खडी होती है' म्हणालास. मुलगी आहे हे कोणी सांगितलं तुला?"

"असंच आलं तोंडात," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

विजयाबाई दाराशी लसूण सोलत बसल्या होत्या. मुलगा आत गेल्यावर सुनेकडे त्यांनी असं पाहिलं, की तिला कळलं, आपल्या डोक्यात जे घोळत आहे तेच यांच्याही डोक्यात आलं आहे. बाई. कोणीतरी बाई. या विचाराने तिला संताप आला, आणि थोडं हायसंही वाटलं. बाई असेल तर ती निदान समजण्यासारखी गोष्ट होती.

४

डिसेंबरातल्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती लॅबमधून चालत त्या गल्लीत गेली. पाचच मिनिटांचा रस्ता. फाटकाशी हिरालाल नावाचा म्हातारा चौकीदार उन्हात खुर्ची टाकून बसला होता. तिला पाहून तो गोंधळून उठला.

"दीदी, फिर उतर गए थे क्या?"

"फिर म्हणजे?"

"अभीच तो ऊपर गए न आप. मुन्नी को धूप दिखाके." मग त्याने डोळे चोळले. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, बुबुळावर पांढरट सावली होती. "हव, कोई और होगी," तो पुटपुटला आणि बसला.

लिफ्टच्या आरशात गंधालीने स्वतःकडे पाहिलं. पांढरा कोट, सुजलेले पाय, डोळ्यांखाली काळं. हिला पाहून कोणाला दुसरीच कोणी वाटावी असं काय आहे?

तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटचं दार बंद होतं. शिशिर या वेळेला ऑफिसात असायचा. ती किल्ली काढत होती तेवढ्यात आतून कुकरची शिटी झाली.

ती थांबली. शेजारच्या घरातली असेल. भिंती पातळ असतात हल्लीच्या. तिने कान दाराला लावला. आत कोणीतरी चालत होतं, पायात चपला नव्हत्या, पाऊल हलकं होतं. भांडं ठेवल्याचा आवाज. मग कोणीतरी हसलं.

स्वतःचं हसू माणसाला सहसा ओळखता येत नाही. पण गंधालीने लग्नाचा व्हिडिओ विजयाबाईंच्या हट्टापायी कितीदा तरी पाहिला होता. त्यात घास भरवताना ती हसते. आधी नाकातून थोडं, मग मोकळं. तेच हसू दाराच्या पलीकडे होतं. तसं हसून तिला चार वर्षं झाली होती.

तिने किल्ली घातली. किल्लीचा आवाज होताच आत सगळं गप्प झालं. कोणी ओठावर बोट ठेवावं तसं.

दार उघडलं. हॉल रिकामा, कोपऱ्यात रंगाचे डबे. धूळ मात्र नव्हती. फरशी झाडून पुसलेली, कडेला अजून ओलसर. स्वयंपाकघरात गॅस आलेला नव्हता, सिलिंडरची जागा मोकळी होती. तिने काळ्या ओट्यावर हात फिरवला. एका जागी, कुकरच्या बुडाएवढ्या गोलात, दगड गरम होता.

तिने हात उचलला नाही. दगड हळूहळू थंड होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग पोटात बाळ जोरात फिरलं, आणि ती बाहेर पडली.

५

शिशिरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "रंगवाल्यांनी चहा केला असेल. स्टोव्ह आणतात ते."

"रंगवाले नव्हते तिथे."

"मग गेले असतील." तो शांतपणे वरण-भात कालवत होता. "तू कायले जाऊन राहिली अशा अवस्थेत? डॉक्टरांनी काय सांगितलं?"

त्याच्या आवाजात काळजी होती. पण ती एखाद्या दूरच्या नातलगाची असते तशी होती.

जानेवारीतल्या एका रविवारी तो दहा वाजता टाइल्स बघायला म्हणून निघाला. गंधाली पाच मिनिटं थांबली. विजयाबाईंनी स्वतःच तिची शाल आणून दिली. "जा," त्या म्हणाल्या. "जो काही सोक्षमोक्ष आहे तो होऊन जाऊ दे. म्या पण येऊ का संगं?"

"नको, आई. तुमचे गुडघे दुखतात."

ई-रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडून ती चालत गेली. ऊन कोवळं होतं, कॉलोनीत कुठेतरी गाडी धुण्याचा आवाज येत होता. हिरालाल जागेवर नव्हता. लिफ्टमधून बाहेर आली तर फ्लॅटचं दार चार बोटं उघडं होतं.

त्या फटीतून जेवढं दिसलं तेवढंच तिने पाहिलं, आणि पुढे कधी कोणाला सांगायची वेळ आली तेव्हा तेवढंच सांगितलं.

पॅसेजच्या टोकाला, न्हाणीघराच्या दाराशी, शिशिर पाटावर बसला होता. तिच्याकडे पाठ. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय लांब सोडलेले. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालतात तसा. त्याची कोपरं हळूहळू पुढे-मागे होत होती. त्याच्या नडगीच्या कडेला एक लहानसं, तेलाने चमकणारं पाऊल दिसलं. ते एकदा हवेत झाडलं गेलं.

मग स्वयंपाकघराच्या बाजूने एक हात पुढे आला. हातात पंचा होता. मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याची जुनी खूण होती, चंद्रकोरीसारखी. गंधालीने आपलं मनगट शालीतून बाहेर काढलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कुकरच्या झाकणाने भाजलं होतं, ती खूण तिथे होती. तीच. पण तो हात भरलेला होता. त्याची नखं तुटलेली नव्हती. झोप झालेल्या बाईचा हात होता तो.

"पुरे रे आता, सर्दी होईल तिला," आतून आवाज आला, आणि तेच हसू.

दार आतून हळूच लोटलं गेलं. शिशिर तर पाटावर बसलेला होता. कडीसुद्धा वाजली नाही. निजणाऱ्या पोराची झोप मोडू नये म्हणून लोटतात तसं लोटलं.

६

तिने बेल दाबली. दाबतच राहिली. शिशिरने दार उघडलं तेव्हा त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. मागे हॉल रिकामा होता, पॅसेज रिकामा होता, पाटही नव्हता. तेलाचा वास मात्र होता.

त्याने आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे. पकडला गेल्याची लाज त्याच्या तोंडावर नव्हती. लांबलचक सुट्टी संपवून माणूस ऑफिसच्या फाटकाकडे बघतो, तसा तो तिच्याकडे बघत होता.

"कोण आहे आत?"

"कोणी नाही."

"मी हात पाहिला, शिशिर."

तो चौकटीला टेकला. मग म्हणाला, "तुला घाबरवायचं नव्हतं मला. तू राहायला आलीस की होईल सगळं ठीक. एकच होईल."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी. छोट्या खोलीत. तू गॅलरीत होतीस आणि मला स्वयंपाकघरातून हाक मारलीस."

"ती मी नव्हते."

त्याने भिजलेल्या बाह्या खाली ओढल्या.

"ती मी नाही, शिशिर! मी ही आहे. हे बघ, ही मी आहे." तिने त्याचा ओला हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आत बाळ लाथ मारत होतं. त्याने हात काढून घेतला नाही, पण हात जिवंत नव्हता.

"इथं तू रडत नाहीस, गंधाली," तो म्हणाला.

तिला रडू आलं. आणि रडू येताच त्याच्या कपाळावर ती ओळखीची, थकलेली आठी उमटली.

मागे विनोदिनीकाकूंचं दार उघडलं. "किल्ली विसरली का वं आज?" त्यांनी आपुलकीने विचारलं.

७

ती राहायला गेली नाही. विजयाबाई तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांनी हात, हसणं, गरम दगड यातलं काहीच मानलं नाही. "बाई आहे. पोट्ट्याने ठेवली आहे, अन् तुले येड लावून राहिला आहे," त्या म्हणत. शिशिर दोन्ही घरांमध्ये जात-येत राहिला. कोणाशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत, एका सकाळी अकरा वाजता, ऑपरेशन करून मुलगी झाली. गंधाली गुंगीत होती, पण खोलीत आणल्यावर तिला सगळं दिसत होतं. नर्सने बाळ शिशिरच्या हातात दिलं. नवखे बाप घाबरतात, हात कडक करतात. त्याने मानेखाली बरोबर तळवा धरला, दुपटं अंथरून एक कोपरा दुमडला, दोन घड्या घालून तिला घट्ट गुंडाळलं, आणि खांद्यावर घेऊन पाठीवर दोन बोटांनी थोपटलं. सगळं मिळून अर्धं मिनिट.

"पहला बच्चा है ना आपका?" नर्स हसली. "सीखे कहाँ से?"

तो नुसता हसला. मग खिडकीपाशी, उजेडात गेला. बाळाचा डावा कान त्याने हलकेच पुढे दुमडून मागे पाहिलं. मग उजवा. पुन्हा डावा. गंधालीला त्याचा चेहरा दिसत होता.

"तीळ नाही," तो पुटपुटला. "ही नाही."

आणि बाळ त्याने तिच्या कुशीत आणून ठेवलं. नीट, सांभाळून, लोकांकडून चुकून उचलून आणलेली छत्री परत करतात तसं.

घरी निघाले त्या दिवशी टॅक्सीत तो पुढे बसला. "समता कॉलोनी," तो ड्रायव्हरला म्हणाला.

"तात्यापारा," मागून गंधाली म्हणाली.

ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "तय कर लो भैया."

"तात्यापारा," विजयाबाई म्हणाल्या. आमापारा चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा शिशिर दार उघडून उतरला. बाराव्या दिवशी बारशाला आला, पाहुण्यांसारखा कडेला बसला, मुलीचं नाव ज्ञानदा ठेवलं ते त्याने ऐकलं, पेढा खाल्ला आणि गेला. त्यानंतर आला नाही.

८

ज्ञानदा रडायची. पोट दुखत नव्हतं, ताप नव्हता, वजन वाढत होतं. डॉक्टर म्हणाले, काही मुलं रडतात. गंधाली तिला घेऊन त्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायची, टाके ओढायचे, दूध अपुरं पडायचं. अंगाईचे शब्द तिच्या तोंडून रडल्यासारखेच निघायचे. बाळ तिच्या तोंडाकडे बघायचंच नाही. तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं, कोणीतरी येणार असल्यासारखं.

मे महिना आला. दारं-खिडक्या लावून, कूलर लावून लोक घरात बसले होते. विजयाबाईंनी एका सकाळी नऊवारी बदलली, पर्समध्ये पाण्याची बाटली टाकली.

"मी जातो अन् त्याच्या कानाला धरून आणतो. त्या भवानीलेही पाहतो. तीन महिन्यांची पोट्टी टाकून बसला आहे नालायक."

"आई, नका जाऊ."

"काहून? मले काय खाईल का ते घर?" त्यांनी नातीच्या गालाला बोटं लावली आणि कानशिलावर मोडली. सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत असा हात त्यांनी पहिल्यांदाच फिरवला होता. "तू जीव नको जाळू. मी आहे ना."

त्या दहाला गेल्या. गंधालीने बारा वाजता कुकर लावला, दोघींपुरता, शिशिर आला तर असावा म्हणून एक वाटी जास्त. एक वाजला. बाळ सकाळपासून रडत होतं. रडून रडून आवाज बसला होता तरी थांबत नव्हतं. दोन वाजले. तिने विजयाबाईंना फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला गेला.

"आई? कुठे आहात? काय झालं?"

"कोण बोलून राहिलं?" विजयाबाईंचा आवाज मोकळा, खुशीत होता.

"मी. गंधाली."

पलीकडे त्या खळखळून हसल्या. "काय मस्करी करून राहिली वं! आतल्या खोलीतून फोन लावतेस का मले? पानं वाढली म्हणून सरळ हाक मारायची." मग फोन तोंडापासून दूर गेला. "शिशिर, पाहा रे हिचा चावटपणा!"

"आई, मी घरी आहे. तात्यापाऱ्यात. ज्ञानदा रडते आहे, ऐकू येतं का तुम्हाला? आई?"

फोन कुठेतरी तसाच ठेवला होता. पंख्याचा आवाज येत होता. वाट्या मांडल्याचा आवाज. शिशिर काहीतरी सांगत होता, आणि एक लहान मूल बोबडं काहीतरी म्हणत मध्ये मध्ये ओरडत होतं. मग जरा लांबून, दुसऱ्या खोलीतून यावा तसा, तो आवाज आला.

"आई, या ना बसायला. गरम आहे तोवर."

आणि ते हसू. आधी नाकातून थोडं, मग मोकळं.

गंधालीच्या खांद्यावर रडणं थांबलं.

इतकं अचानक थांबलं की तिला वाटलं, श्वासच थांबला. तिने घाबरून बाळाला पुढे घेतलं. ज्ञानदाने मान वळवली होती. डोळ्यांत पाणी तसंच होतं, पण डोळे टक्क उघडे होते, आणि ती फोनकडे बघत होती. आईच्या तोंडाकडे जसं मूल बघतं तसं.

"ज्ञानू," गंधाली तिच्या कानाशी म्हणाली. "बाळा, इकडे. मी इकडे आहे."

बाळाने वळून पाहिलं नाही. फोनमधलं ते हसू पुन्हा आलं, आणि ज्ञानदा हसली. पहिल्यांदा हसली, दात नसलेलं तोंड पूर्ण उघडून. मुठी उघडून तिने दोन्ही हात त्या काळ्या पट्टीकडे नेले.

गंधालीने फोन कापला.

मग ज्ञानदाचा खालचा ओठ वळला, चेहरा लाल झाला, आणि घशातून तो बसलेला, फाटका आवाज निघाला. ती अंग ताठ करून आईच्या हातातून निसटायला बघू लागली. गंधालीने तिला छातीशी धरलं, अंगाई म्हटली, खोलीभर फिरली. शेवटी ती स्वतः हसून पाहू लागली. आधी नाकातून थोडं, मग मोकळं. मोकळं काही येईना. बाळ आणखीच रडलं.

अर्ध्या तासाने तिने ज्ञानदाला अंथरुणावर ठेवलं. फोन घेतला, नंबर पुन्हा लावला. उचलला गेला. कोणी हॅलो म्हटलं नाही. तिकडे जेवणं चालली होती. तिने स्पीकर लावला आणि फोन बाळाच्या उशाशी ठेवला.

रडणं थांबलं. पापण्या जड होऊ लागल्या.

गंधाली समोरच्या भिंतीला टेकून खाली बसली. आपला आवाज तिकडे जाऊ नये म्हणून तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, आणि दोन्ही हातांनी वरून दाबून धरला.